समासातले प्रश्न

त्या कॉलेजातून पदवी घेऊन बाहेर पडायचं, तर आपापल्या विषयाचे पेपर पास होऊन भागत नसे. वर आणखी एक परीक्षा होती. तिचं कागदोपत्री नाव ‘वाचन-लेखन पात्रता परीक्षा’, पण एवढं लांब नाव घेण्यात कुणाला रस नव्हता. मुलं तिला नुसती ‘गाळणी’ म्हणत. तीन तासांचा पेपर. आधी दोन पानांचा उतारा वाचायचा आणि लिहिणाऱ्याला काय म्हणायचं आहे ते आपल्या शब्दांत सांगायचं. मग दिलेल्या विषयावर निदान पाचशे शब्दांचा निबंध. गणितवाला असो, रसायनवाला असो, सगळ्यांना सारखंच. संधी तीन. तिन्ही हुकल्या की वर्षभर रोज सकाळी लेखनाच्या वर्गात बसायचं, आणि तोवर पदवीचा कागद कॉलेजच्या कपाटात. अवघड गणितं चुटकीसरशी सोडवणारी मुलं इथे येऊन घाम पुसत बसत.

गाळणीत अडकलेल्यांसाठी ग्रंथालयाच्या तळघरात एक खोली होती. जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे ओलांडले की उजव्या हाताला. एक लांब टेबल, सहा खुर्च्या, त्यातली एक डुगडुगणारी, आणि छताला लागून एक बुटकी खिडकी, जिच्यातून रस्त्याने जाणाऱ्यांचे फक्त पाय दिसत. ह्या खोलीत बावीस वर्षं एक बाई बसत होत्या. मुलं त्यांना मगबाई म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. नाव पडलं ते एका शब्दामुळे. कुणी लिहिलेला कागद पुढे सरकवला, की बाई तो वाचत, मान वर करत आणि म्हणत, “मग?”

आणि हे ‘मग’ मास्तरी नसे बरं का. बाईंना खरोखरच पुढचं हवं असे. खिडकीतून एखादा बूट लंगडत गेला, तरी त्याला काय झालं असेल ह्याने त्यांचा पुढचा तास जाई.

बाईंच्या कामाचा नियम एकच: हातात पेन धरायचं नाही. मुलाच्या कागदावर रेघसुद्धा मारायची नाही. विचारायचं, ऐकायचं, पुन्हा विचारायचं. लिहायचं ते ज्याचं त्याने. बाहेरचे प्राध्यापक कॉलेज बघायला आले की प्राचार्य ह्या नियमाचं कोण कौतुक सांगत! ‘आमची खास पद्धत’ म्हणत. पद्धत कसली डोंबलाची. खरी गोष्ट अशी, की बाई मुळात ग्रंथालयाची ओळखपत्रं करून द्यायला हंगामी कारकून म्हणून लागल्या होत्या. लेखन-खोलीतले सर एकाएकी नोकरी सोडून गेले आणि नवे सर मिळेपर्यंत तीन आठवडे खोली उघडी ठेवायला कुणीतरी हवं होतं. विभागप्रमुख म्हणाले, “तुम्ही नुसत्या बसा. पण एक सांभाळा, मुलांच्या कागदावर काही लिहू नका. ते तुमचं काम नाही.” नवे सर काही आले नाहीत. तीन आठवड्यांची बावीस वर्षं झाली, विभागप्रमुख निवृत्त होऊन गेले. ‘ते तुमचं काम नाही’ हे शब्द मात्र बाईंना लागले ते लागलेच. त्यांनी ते कधी कुणाला बोलून दाखवले नाहीत.

विचारायची खोड जन्माची होती. बाईंची आई शिवणकाम करायची. कपडे बेतता बेतता गिऱ्हाइकांच्या एकेक गोष्टी सांगायची, आणि गोष्ट ऐन रंगात आली की टाचण्यांचा घोस तोंडात धरायची. झालं! बोलणं बंद. पायाशी बसलेली पोर म्हणायची, “मग?” आई नुसतं “हं” करायची. एकेक टाचणी कापडात जाईपर्यंत पोर तिच्या ओठांकडे टक लावून बसायची. आता आई एक्याऐंशीची होती, डोळ्यांनी अधू, सुई-दोरा कधीच सुटला होता. लेक कॉलेजातून घरी आली, की “आली आमची चौकशी कचेरी!” म्हणायची आणि मग स्वतःच दिवसभराची खबर खोदून खोदून काढायची.

असं सगळं असून बाई स्वतः काही म्हणता काही लिहीत नसत. परगावचा भाऊ म्हणे, ताई, एकदा तरी पत्र लिही. बाई फोन करत. सामानाची यादीसुद्धा तोंडपाठ नेत आणि हटकून साबण विसरत. लेखन-खोलीच्या बाईंना लिहिण्याची धास्ती आहे, हे कुणी ऐकलं असतं तर दिव्याखाली अंधार म्हणून हसलं असतं. पण कुणी विचारलंच नव्हतं.

अशा ह्या खोलीत एके दुपारी एक माणूस लंगडत आला. एक्केचाळीस-बेचाळीसचा, हाताला ग्रीसचा वास. नेमका डुगडुगत्या खुर्चीवर बसला, उठला, खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला, खुर्ची उलटी केली आणि तिचा पाय आवळून पुन्हा तिच्यावर बसला. बावीस वर्षांत ती खुर्ची नीट करायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. बाई त्याच क्षणी त्याच्यावर खूश झाल्या.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा होता. एकोणीस वर्षं शहरातल्या इमारतींच्या लिफ्टच्या वर चढायचं, खाली खड्ड्यात उतरायचं, हेच काम. आता गुडघे गेले होते. डॉक्टरांनी शिड्या बंद करायला सांगितलं होतं. त्याच्या खात्यात निरीक्षकाची एक जागा वर्षअखेर रिकामी होणार होती. ती मिळाली तर इतरांनी केलेलं काम तपासायचं, अहवाल लिहायचा आणि सही करायची. पण जागेला पदवी हवी. म्हणून त्याने चार वर्षं संध्याकाळच्या वर्गांना बसून सगळे पेपर काढले होते. घोडं अडलं होतं ते गाळणीत. पदवी वेळेत मिळाली नाही तर जागा दुसऱ्याला, आणि ह्याने गोदामात बसून लोकांना नट-बोल्ट मोजून द्यायचे.

“वाचनाचा भाग सुटला माझा,” तो म्हणाला. “यंत्राची पुस्तिका वाचतो तसा वाचला. काय करा म्हणतोय, काय करू नका म्हणतोय. पण हे लिहिणं...” त्याने पहिल्या वेळची उत्तरपत्रिका पुढे सरकवली.

विषय होता, ‘माझ्या कामातला लक्षात राहिलेला प्रसंग.’ त्याखाली निळ्या शाईत, ताठ उभ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘लिफ्ट बंद पडली. निरोप आला. गेलो. दाराचा संपर्क सैल होता. आवळला. सुरू केली.’ आणि खाली सही. एकूण तेरा शब्द. परीक्षकाने शेजारी काहीच लिहिलं नव्हतं, बहुतेक त्याचीही वाचा बसली असावी.

बाईंनी मान वर केली. “मग?”

“मग काय? चालू झाली.”

“बंद कुठे पडली होती?”

“चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये.”

“आत कोण होतं?”

“आत?” तो थबकला. “आत एक आजोबा होते. हातात पिंजरा घेऊन.”

“कसला पिंजरा?”

“पोपटाचा. पण रिकामा होता. पोपट उडून गेला होता आणि ते पिंजरा घेऊन त्याला शोधायला निघाले होते. मी वरून झाकण उघडलं, तर मला म्हणाले, माझं राहू द्या हो, वर गच्चीवर हिरवं काही दिसतंय का ते आधी बघा.”

बाई टेबलावर कोपरं टेकून पुढे झुकल्या. “अहो, मग हे का नाही लिहिलंत?”

“एकोणीस वर्षांत मला कुणी विचारलंच नाही, आत कोण होतं म्हणून. आमच्या नोंदवहीत तसा रकाना नसतो, बाई.”

त्या संध्याकाळी बाईंनी घरी हे सगळं सांगितलं, तर आई म्हणाली, “पोपट सापडला का?” बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. तेवढं विचारायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्या अर्धा तास आधीच जाऊन बसल्या. पोपट सापडला नव्हता. आजोबांनी पिंजऱ्याचं दार उघडं ठेवून तो खिडकीत टांगला होता, आणि लिफ्टवाला त्या इमारतीत गेला की न विसरता वर बघायचा.

पुढचे दोन महिने बाईंचे मजेत गेले. दोर तुटला तरी लिफ्ट खाली कोसळत नाही, वेग वाढला की लोखंडी जबडे रुळांना पकडतात, हे त्यांना कळलं. अडकलेली माणसं आधी हसतात, मग बटणं बडवतात आणि शेवटी एकमेकांना आपापल्या घरच्या गोष्टी सांगतात, हेही कळलं. त्या विचारत, तो सांगे, बाई म्हणत “हे लिहा”, तो लिही. तेराचे तीनशे झाले, तीनशेची नऊ पानं झाली. दुसऱ्या परीक्षेला तो गेला तेव्हा बाईंना त्याची तिळमात्र काळजी नव्हती.

तो नापास झाला.

पंधरा दिवसांनी तो उत्तरपत्रिका घेऊन आला. ‘मला भेटलेला अनोळखी माणूस’ ह्या विषयावर त्याने सहा ओळी लिहिल्या होत्या. ‘इमारतीत गेलो. माणूस भेटला. ओळख नव्हती.’ आणि असंच पुढे.

“अहो, ते आजोबा कुठे गेले?” बाई जवळजवळ ओरडल्याच.

“कागद आला. वाट बघितली,” तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्तच टोचलं. “तुम्ही नव्हता ना विचारायला.”

मुलाला सायकल शिकवताना मागून धरून पळावं आणि सोडायचंच विसरून जावं, तसं त्यांनी केलं होतं. ह्या माणसाच्या मनातलं पुढचं ऐकायची त्यांना इतकी हाव सुटली होती, की त्याला ते एकट्याने काढता येतंय का, हे त्यांनी पाहिलंच नव्हतं. आणि हा एकटाच का? बावीस वर्षांत खोलीत भरभरून लिहिणारी आणि परीक्षेत कोरडी पडणारी किती मुलं इथून गेली असतील? त्यांना आपण ‘घाबरला असशील’ म्हणून परत पाठवलं. बाईंना स्वतःची लाज वाटली.

“चुकलं माझं,” त्या म्हणाल्या. “उद्यापासून मी काही विचारणार नाही.”

“मग मी येऊन करू काय?”

“ते मलाही माहीत नाही. पण या.”

बोलायला सोपं होतं! दुसऱ्या दिवशी तो चार ओळी लिहून थांबला आणि नेहमीसारखा बाईंकडे बघत राहिला. चौथ्या ओळीत कुणीतरी लिफ्टमधून उतरायला नकार दिला होता. का दिला? बाईंचा जीव नुसता कासावीस झाला. शेवटी त्यांनी टेबलावरची कागदाला लावायची क्लिप उचलली आणि आई टाचण्या धरायची तशी ओठांत धरली. अळीमिळी गुपचिळी.

“विचारा ना, बाई.”

बाईंनी मान हलवली.

“एकच प्रश्न.”

पुन्हा नाही. अर्ध्या तासाने तो कागद घडी करून खिशात कोंबून निघून गेला. जाताना दार जरा जोरातच लावलं. हा काही आता येत नाही, असं बाईंच्या मनाने घेतलं. तिसरी संधी शेवटची होती, आणि आपण त्याला ऐन वेळी वाऱ्यावर सोडलं, हा विचार त्यांना जेवू देईना. आई म्हणाली, “विचारून मोकळी हो ना मग.” बाई म्हणाल्या, “तेच तर करायचं नाहीये.”

तो दोन दिवसांनी आला. सोबत पट्टी आणि पेन्सिल. खाली बसला, कागदाच्या डाव्या बाजूला चांगली चार बोटं जागा सोडून उभी रेघ मारली. एवढा रुंद समास बाईंनी कुठल्या वहीत पाहिला नव्हता.

“तुम्ही विचारणार नसाल तर मीच विचारतो,” तो म्हणाला. “हा तुमचा रकाना.”

निळ्या शाईने दोन ओळी लिहायच्या, पेन खाली ठेवायचं, पेन्सिल घ्यायची आणि समासात प्रश्न टाकायचा. पुन्हा पेन. सुरुवातीला प्रश्नही नोंदवहीतलेच होते. किती वाजता? कितवा मजला? मग एके ठिकाणी ‘आत कोण होतं?’ आलं. मग ‘खरंच?’ आलं. मग नुसतं ‘मग?’. बाई क्लिप धरून वाचत होत्या. तिसऱ्या आठवड्यात समासात एक प्रश्न आला, जो त्यांनी त्याला कधीच विचारला नव्हता: ‘मला भीती वाटली का?’ त्याच्यापुढे त्याने दीड पान लिहिलं, पहिल्यांदा खड्ड्यात उतरला त्या दिवसाबद्दल, डोक्यावर टांगलेल्या त्या लोखंडी खोलीबद्दल. बाईंच्या तोंडातून क्लिप खाली पडली. ती त्यांनी उचललीही नाही.

तिसरी परीक्षा झाली. निकाल लागला. त्याच्या क्रमांकापुढे पास नव्हतं आणि नापासही नव्हतं; ‘राखून ठेवला’ असं होतं. आणि त्याला नि बाईंना, दोघांनाही परीक्षा नियंत्रकांचं बोलावणं आलं.

नियंत्रक साहेब माणूस वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. त्यांच्या टेबलावर घड्याळ, पाण्याचा पेला आणि ती उत्तरपत्रिका एवढंच होतं. अकरा पानं. प्रत्येक पानाच्या डावीकडे पेन्सिलीने प्रश्न, एकूण त्रेचाळीस. साहेबांनी ते मोजले होते.

“तीन परीक्षकांनी पाहिली ही,” ते म्हणाले. “दोघांचं म्हणणं, ह्या माणसाला कुणीतरी शेजारी बसून बोलतं केलंय. निबंधाचं अक्षर बघा, उभं, ठसठशीत. प्रश्नांचं बघा, बारीक, तिरकं. दोन माणसांची अक्षरं आहेत ही.” मग त्यांनी जरा घसा खाकरला. “तिसऱ्यांचं जाऊ द्या. त्यांनी सहाव्या पानावर एका प्रश्नाशेजारी ‘हेच मला विचारायचं होतं’ असं लिहून ठेवलंय.”

“प्रश्न माझेच आहेत, साहेब,” लिफ्टवाला म्हणाला.

“मग अक्षर वेगळं का?”

“ते मलाही माहीत नाही. विचारताना माझा हात असाच चालतो.”

साहेबांनी पान उलटलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. ‘मग?’ ते बाईंकडे बघत म्हणाले, “हा शब्द कुणाचा आहे, हे ह्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलालाही माहीत आहे. परीक्षेच्या दिवशी तुम्ही कुठे होता?”

“तळघरात.”

“सोबत कुणी होतं?”

“खिडकीतून पाय दिसत होते.” हे काही साक्षीदार म्हणून चालण्यासारखं नव्हतं, हे बाईंच्या बोलल्यावर लक्षात आलं.

साहेबांनी सांगून टाकलं. गैरप्रकार ठरला तर पेपर रद्द, संधी मात्र खर्ची पडली असं धरायचं. आणि लेखन-खोली बंद. आता दोघांनी समोर बसून दहा-बारा ओळी लिहायच्या, म्हणजे अक्षर ताडून बघता येईल.

आधी लिफ्टवाल्याला पेन दिलं. त्याला मिनिटभरच लागलं. ‘बोलावलं. आलो. पेन मिळालं. लिहिलं.’ आणि सही.

साहेबांनी ते चार तुकडे वाचले, अकरा पानांकडे पाहिलं, पुन्हा ते चार तुकडे वाचले. “हे लिहिणारा माणूस ही अकरा पानं लिहितो, आणि ते मी मानायचं?”

लिफ्टवाल्याचा चेहरा उतरला. खोड ती शेवटी खोड. ऐन वेळी नोंदवहीच हातातून उतरली होती.

“बाई, आता तुम्ही,” साहेब म्हणाले. “काहीही लिहा.”

काहीही! ह्याहून अवघड विषय जगात नसेल. बाईंनी पेन हातात घेतलं. ते त्यांना वाटलं होतं त्यापेक्षा हलकं होतं. पांढरा कागद. घड्याळाची टिकटिक. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं त्यांच्या मनात आलं. दोन मिनिटं गेली, पाच गेली. बावीस वर्षं ज्या कोऱ्या कागदापुढे मुलं बसवली, त्याच्यापुढे आज आपण बसलोय, आणि आपल्याला एक शब्द सुचत नाही. नियंत्रक साहेबांच्या कपाळावर आठी चढत होती. बाई मुद्दाम लिहीत नाहीत, अक्षर लपवतायत, असंच कुणालाही वाटलं असतं. आणि त्या न लिहिण्याने एका माणसाची चार वर्षं बुडणार होती. हे कळत असूनही हात हलेना.

लिफ्टवाला खुर्चीतून अर्धवट उठला. खिशातून पेन्सिल काढली, पट्टी नव्हती म्हणून नुसत्या हातानेच बाईंच्या कागदावर डावीकडे एक उभी रेघ ओढली, आणि रेघेच्या अलीकडे लिहिलं: ‘आत कोण होतं?’

“अहो, हे काय चाललंय तुमचं—” साहेब म्हणाले आणि तिथेच थांबले. ते कागदाकडे बघत होते. बारीक, तिरकं अक्षर. प्रश्नचिन्हाची लांब शेपटी, खाली टिंबाऐवजी इवलं वर्तुळ. त्यांनी उत्तरपत्रिका ओढून कागदाशेजारी ठेवली. एक पान पाहिलं, दुसरं पाहिलं, चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं. त्रेचाळीस शेपट्या, त्रेचाळीस वर्तुळं. मग त्यांनी लिफ्टवाल्याकडे, जणू आताच आत आला असावा, असं निरखून बघितलं.

बाईंचं इकडे लक्ष नव्हतं. त्या तो प्रश्न वाचत होत्या. आत कोण होतं? तळघरात, गठ्ठ्यांच्या पलीकडे, त्या बुटक्या खिडकीखाली.

त्यांनी लिहिलं, ‘आत मी होते.’

ते वाचून त्यांना स्वतःलाच नवल वाटलं. पुढचं वाक्य आपोआप आलं. ‘मला सांगितलं होतं की लिहिणं हे माझं काम नाही.’ मग त्याच्या पुढचं. लिफ्टवाला मधूनच वाकून समासात काहीतरी टाकत होता, पण बाईंना त्याची गरज उरली नव्हती. तिसऱ्या प्रश्नाआधीच त्याचं उत्तर लिहून झालं होतं.

साहेबांनी फाईल उघडली, ‘राखून ठेवला’वर काट मारली, वर ‘उत्तीर्ण’ लिहिलं, सही केली आणि फाईल लिफ्टवाल्यापुढे फिरवली. त्याने ते अक्षर न् अक्षर वाचलं. मग ग्रीसच्या वासाच्या त्या हाताने डोळे पुसले आणि हळूच म्हणाला, “तपासलं. ठीक.” साहेबांना हसू आवरलं नाही. प्रकरण संपलं होतं, पण हे बाईंना सांगायचं दोघांनाही सुचलं नाही, कारण बाई लिहीत होत्या. दहा-बारा ओळी केव्हाच मागे पडल्या होत्या.

पान भरलं तेव्हा त्या थांबल्या. साहेबांनी कागद हातात घेतला. अक्षर ताडून बघायचं आता काही कारण नव्हतं, तरी ते पहिल्या ओळीपासून वाचू लागले. तीन आठवड्यांसाठी नेमलेली एक कारकून होती. पहिल्याच सकाळी एक मुलगी रडत आली होती, तिसऱ्यांदा नापास होऊन. तिने कागद पुढे केला आणि म्हणाली, एवढं सुधारून द्या. कारकून बाईला पेन धरायची मनाई होती. घाबरून, दुसरं काहीच सुचेना म्हणून, ती ‘मग?’ म्हणाली होती. मुलीने रडणं थांबवून वर पाहिलं, आणि

तिथे पान संपलं होतं. साहेबांनी कागद उलटला. मागची बाजू कोरी होती.

“मग?” ते म्हणाले. “त्या मुलीचं पुढे काय झालं?”

बाईंनी सांगायला तोंड उघडलं. मग मिटलं.

“आणखी एक कागद द्या,” त्या म्हणाल्या.